न तुटलेले थर

आमच्या घरी ब्रह्मा घाटावर येणाऱ्या यजमानांना अण्णा माझी ओळख करून देत, "ही धाकटी. समुद्राखालच्या जमिनीचा अभ्यास करते." यजमान पुण्याहून, सांगलीहून आपल्या माणसाच्या अस्थी घेऊन आलेले असत. ते नुसती मान हलवत. काशीत बसून समुद्राचा अभ्यास कसा होतो, असं एखादाच विचारी. अण्णा म्हणजे माझे वडील घाटावर मराठी लोकांची श्राद्धकर्मं करत. माझ्या दोन्ही बहिणींची लग्नं लवकर झाली होती. मी मात्र एम.एस्सी. करून एक्याण्णव साली विद्यापीठात भूभौतिकीच्या संशोधनाला लागले. समुद्र मी तोवर पाहिलेला नव्हता.

माझे गाइड मराठीच होते, रत्नागिरीकडचे. नोकरीच्या निमित्तानं बनारसला आले आणि वीस वर्षं इथेच राहिले. विभागात आम्ही हिंदीत बोलत असू, पण दोघंच असलो की सर मराठीवर येत आणि माझ्या मराठीला हसत. मी "देर झाली", "सिढ्या उतरून आले" असं बोलत असे. ते म्हणत, तुझी मराठी अर्धी गंगेत बुडालीय. त्यांना मूलबाळ नव्हतं. नगव्याकडे त्यांचं भाड्याचं घर होतं आणि काकू मला दर शनिवारी जेवायला बोलावत. कोकणातून आलेलं आमसूल त्या जपून वापरत. माझ्यासाठी मात्र सोलकढी व्हायचीच.

काम असं होतं. जहाज समुद्रात आवाज सोडत जातं. तो आवाज तळाखालच्या गाळाच्या एकेका थरावर आपटून परत येतो आणि यंत्र त्या थरांच्या रेघा कागदावर काढतं. त्या कागदाच्या लांबच लांब गुंडाळ्या आमच्या विभागात होत्या. सर तरुणपणी दोनदा जहाजावर गेले होते, श्रीलंकेच्या दक्षिणेला, भर महासागरात. तिथवर गंगेचाच गाळ पसरलेला आहे. आपला भूपट्ट उत्तरेला हिमालयाशी अडतो, त्याचा दाब इतक्या लांब समुद्राच्या तळाला बसतो. तिथली जमीन वळ्या पडून उचलली जाते, थर तुटतात, एक बाजू दुसरीवर चढते. त्या तुटीला भ्रंश म्हणतात, आणि तो सरकला की भूकंप होतो.

सरांनी मला कागद बघायला शिकवलं. व्हरांड्यातल्या लांब टेबलावर ते गुंडाळी पसरत, कोपऱ्यांवर दगड ठेवत आणि मला टेबलाच्या टोकाशी वाकून, डोळा कागदाच्या पातळीला आणून बघायला लावत. वरून न दिसणारी तूट तसं बघितलं की दिसते. "घाई करू नको, थर आपणहून सांगतात," एवढंच म्हणत.

त्यांचं नाव ज्यामुळे झालं होतं तो एक लांब भ्रंश होता. जहाजाच्या तीन वेगवेगळ्या वाटांवर त्यांना तीन ठिकाणी थर तुटलेले दिसले होते. ती तिन्ही ठिकाणं त्यांनी नकाशावर एका रेघेनं जोडली आणि मांडलं की हा एकच सलग भ्रंश आहे आणि त्या भागात पूर्वी झालेला मोठा भूकंप यानंच घडवला. तो नकाशा नंतर एका पाठ्यपुस्तकातही आला. मधल्या भागातून कुठलंच जहाज गेलेलं नव्हतं, त्यामुळे तिथे काय आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. जोडणं चुकीचं होतं असं तेव्हा कुणी म्हटलं नसतं. मीही म्हटलं नाही.

त्र्याण्णवच्या सप्टेंबरात लातूरकडे भूकंप झाला. आमच्या घाटावरच्या मराठी घरांतून कित्येक दिवस दुसरा विषय नव्हता. अण्णांनी मला विचारलं, तुमच्या शास्त्राला आधी काहीच कळलं नाही का? मी सांगितलं की नाही कळत. सरांना मात्र गावोगावच्या कॉलेजांतून भाषणाची बोलावणी येऊ लागली. लोकांना भ्रंश म्हणजे काय ते ऐकायचं असायचं. सर आपला नकाशा घेऊन जात. तिथे समुद्राचं काय काम, असं माझ्या मनात यायचं, पण सर चांगलं बोलत आणि परत आल्यावर त्यांचा चेहरा उजळलेला असे.

त्याच हिवाळ्यात काकू गेल्या. मूत्रपिंडाचा आजार होता. सगळं दोन महिन्यांत आटोपलं. दिवस अण्णांनीच केले. सर घाटावर पायरीवर बसून अण्णा सांगतील तसं करत होते. त्यांना पिंड नीट वळता येत नव्हते, तेव्हा अण्णांनी स्वतः वळून त्यांच्या हातावर ठेवले. चौदाव्या दिवशी सर विभागात आले आणि टेबलावर गुंडाळी पसरून बसले. त्यांच्या शर्टाचं वरचं बटण तुटलेलं होतं. पुढे कित्येक महिने ते तसंच होतं.

मार्चमध्ये सरांच्या एका जुन्या मित्राकडून नवं रेकॉर्ड आलं. मित्र पश्चिम किनाऱ्यावरच्या एका संस्थेत होते. त्यांचं जहाज नेमकं त्या मधल्या भागातून गेलं होतं. गुंडाळी सरांच्या नावानं आली, पण त्यांनी ती न उघडताच माझ्याकडे दिली. तुझ्या थीसिसला उपयोगी पडेल, म्हणाले.

मी ती दुपारी उघडली. पंखा बंद होता, वीज नव्हती. सरांच्या नकाशाप्रमाणे जिथे तूट हवी ती जागा मी खुणेनं काढली, टेबलाच्या टोकाशी जाऊन वाकले आणि बघितलं. थर सरळ जात होते. कुठेही तुटलेले नव्हते, साधी वळीसुद्धा नव्हती. मला वाटलं जागा चुकली. पुढचा दीड महिना मी जहाजाची स्थिती परत परत मोजली, जुन्या रेकॉर्डांच्या जागा तपासल्या. जुन्या काळी उपग्रहाकडून काही तासांनी एकदाच स्थिती मिळायची, म्हणून थोडीबहुत चूक गृहीत धरली. तरीही थर तुटलेले निघेनात. तिथे एक लांब भ्रंश नव्हता. तीन लहान भ्रंश होते, एकमेकांशी संबंध नसलेले, आणि त्यांतला कुठलाच तेवढा भूकंप घडवण्याइतका मोठा नव्हता.

घरी मी अण्णांना सांगितलं. त्यांना तपशील कळले नसतील, पण गुरूची चूक सापडलीय एवढं कळलं. मग म्हणाले की सांगायलाच हवं, पण विभागात नको, घरी जाऊन सांग.

मे महिना होता, लू, उन्हाळ्यातली गरम झळ, चालत होती. संध्याकाळी मी गुंडाळी काखेत घेऊन नगव्याला गेले. सरांनी स्वतः चहा केला. काकूंच्या स्वयंपाकघरात त्यांना साखरेचा डबा सापडत नव्हता, तो मी शोधून दिला. मग जमिनीवर कागद पसरला. मी काही बोलायच्या आत ते गुडघ्यांवर बसले, गाल फरशीला टेकेल इतके वाकले आणि बघत राहिले. मी जागा दाखवली नव्हती. ती त्यांनीच शोधली.

उठल्यावर त्यांनी विचारलं, "किती दिवस झाले तुला कळून?"

"दीड महिना."

"स्थिती तपासलीस?"

"हो, सर. चार वेळा."

ते खुर्चीत बसले. खिडकीतून गरम वारा येत होता आणि कागदाचं टोक फडफडत होतं, म्हणून मी त्यावर चहाचा कप ठेवला. ते म्हणाले की तुझं बरोबर आहे. आणि मग, माझ्याकडे न बघता, "मला रिटायर व्हायला दीड वर्ष आहे. तोवर हे थीसिसमध्ये घालू नकोस."

मी हो म्हटलं. त्यांची दया आली हे खरं आहे. पण थीसिसवर त्यांची सही लागणार होती आणि मला घरातून आणखी वेळ मिळणार नव्हता, हेही तितकंच खरं आहे. यातलं कोणतं जास्त होतं हे मला आजही सांगता येणार नाही.

थीसिस त्या रेकॉर्डशिवाय पुरा झाला. पंचाण्णवच्या सुरुवातीला व्हायवा झाला. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते, सौम्य बोलणारे. तासभर सगळं ठीक चाललं. शेवटी त्यांनी सरांचा नकाशा पुढे ओढला आणि तीन जागांच्या मधल्या मोकळ्या भागावर बोट ठेवून हिंदीत विचारलं, इथून गेलेलं एखादं रेकॉर्ड तुम्ही पाहिलं आहे का?

गप्प राहायचं मी कबूल केलं होतं. खोटं बोलायचं कबूल केलं नव्हतं. सर माझ्या उजव्या हाताला बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, ते टेबलाकडे बघत होते.

"नाही, सर," मी म्हणाले. "असं रेकॉर्ड आमच्याकडे आलेलं नाही."

परीक्षकांनी मान डोलावली, लिहून घेतलं आणि अभिनंदन केलं. विभागात लवंगलतेची मिठाई वाटली गेली. सरांनी घेतली नाही. डोकं दुखतंय म्हणून लवकर निघून गेले.

त्यानंतर आठ-दहा दिवस ते आले नाहीत. आले ते हातात टाइप केलेली चार पानं घेऊन. जुन्या नकाशातली चूक मान्य करणारी टिपणी त्यांनी लिहिली होती, नियतकालिकाकडे पाठवायला. नवं रेकॉर्ड विभागात केव्हा आलं, ते कुणी वाचलं, सगळं स्पष्ट लिहिलं होतं. लेखकांत माझं नाव पहिलं होतं, त्यांचं दुसरं.

"त्या दिवशी तू माझ्यासाठी खोटं बोललीस," ते म्हणाले. "ते मला बघवलं नाही."

मी पानं वाचली. परीक्षक ते नियतकालिक वाचत. त्यांनी स्वतः विचारलेला प्रश्न आणि माझं उत्तर ते विसरणार नव्हते. मी सरांना हे सांगितलं. ते म्हणाले, मग माझ्या एकट्याच्या नावानं पाठवतो, तारीख गाळतो. मी म्हटलं, रेकॉर्ड याच खोलीत आलं होतं, त्यांना कळेलच. माझी पदवी जाईल, अण्णांना घाटावर तोंड दाखवता येणार नाही. आणखीही बरंच बोलले. शेवटी रडले. सरांनी पानं माझ्या हातातून घेतली, घडी घातली आणि बॅगेत ठेवली.

"ठीक आहे," ते म्हणाले. "राहू दे."

गेल्या मे महिन्यात त्यांनी मला थांबायला सांगितलं होतं आणि आता मी त्यांना थांबवलं होतं. फरक एवढाच की त्यांनी दीड वर्ष मागितलं होतं. मी काही मुदत दिली नाही.

ते रिटायर झाले आणि कोकणात परत गेले. निरोपाच्या कार्यक्रमात विभागप्रमुखांनी त्या लांब भ्रंशाचं कौतुक केलं. सर आभाराची दोन वाक्यं बोलून खाली बसले. मला एका इंटर कॉलेजात, म्हणजे बारावीपर्यंतच्या शाळेत, भौतिकशास्त्र शिकवायची नोकरी लागली. पुढे संशोधन करायचं असं मी लोकांना सांगत असे, पण विभागाकडे पाय वळत नव्हते.

सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात एका कामासाठी विद्यापीठाच्या लायब्ररीत गेले असताना मला ते नियतकालिक दिसलं. दुसऱ्या कुणीतरी त्याच भागातली रेकॉर्डं वाचून लेख लिहिला होता. थर सलग आहेत, भ्रंश लहान आणि सुटे आहेत, आणि पूर्वीचा नकाशा निष्काळजीपणे रेघ जोडून केलेला आहे. सरांचं नाव त्या वाक्यात होतं. निष्काळजी हा शब्द मी तीनदा वाचला. जो माणूस कागदावर तास न् तास वाकून बसे, त्याच्याबद्दल तो लिहिलेला होता. चार पानं त्यांनी वेळेवर पाठवली असती तर असं लिहायची कुणाला गरजच पडली नसती.

घरी येऊन मी अण्णांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. व्हायवातलंही. ते संध्येला बसायच्या तयारीत होते, तसेच उभे राहिले. ती पानं कुठे आहेत असं त्यांनी विचारलं. सरांकडेच, मी म्हटलं.

"मग ते तुझ्यासाठी गप्प बसलेत अजून," अण्णा म्हणाले आणि आत गेले. त्यानंतर यजमानांना माझी ओळख करून देताना ते नुसतं "ही मास्तरीण आहे" असं म्हणू लागले.

मी सरांना पत्र लिहिलं. लेख पाहिला, वाईट वाटलं, आता तुम्ही खरं काय ते जाहीर केलंत तरी माझी हरकत नाही, असं लिहिलं. हे लिहायला मला दोन वर्षं उशीर झाला होता आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्यांचं पोस्टकार्ड आलं. गुडघे दुखतात, यंदा आंब्याला मोहोर कमी होता, पण आमसुलं पाठवतोय, आईला दे. लेखाचा उल्लेख नव्हता. आमसुलं आली. ती पुष्कळ दिवस डब्यात तशीच होती, मग आईनं वापरली.

नव्व्याण्णवच्या अखेरीला त्यांच्या पुतण्याचं पत्र आलं की काका गेले, झोपेतच गेले. शेवटच्या आजारपणात त्यांनी आपले कागद स्वतः बसून निवडले होते आणि बरेच जाळायला लावले होते. पुस्तकं गावच्या शाळेला दिली. पुतण्यानं विचारलं होतं की तुम्ही त्यांच्या विद्यार्थिनी, त्यांच्या कामासंबंधी घरच्यांना काही सांगण्यासारखं असेल तर जरूर कळवा. आम्हाला त्यातलं काही कळत नाही.

मी उत्तर लिहायला बसले. सर फार चांगलं शिकवत, काकूंनी मला मुलीसारखं वागवलं, हे लिहिलं. आमच्या विभागात त्यांच्याइतकं बारकाईनं कागद वाचणारं दुसरं कुणी नव्हतं, हेही लिहिलं. पान संपत आलं होतं, दुसरं घेता आलं असतं. मी खाली सही केली आणि पाकीट बंद केलं.