मागचं आवरून येणारी

सुलक्षणा कुठेही शेवटी पोचते, हे मँचेस्टरच्या मराठी मंडळींनी केव्हाच गृहीत धरलं होतं. पार्टीला शेवटी, कारण निघताना गॅस, खिडक्या, मागचं दार तीच बघणार. जेवायला शेवटी, कारण वाढणार कोण? भूलतज्ज्ञाची परीक्षासुद्धा तिने शेवटीच दिली. आधी नवऱ्याची परीक्षा झाली, मग त्याची नोकरी पक्की झाली, मग मुलगी तनया शाळेत गेली, आणि मग कुणाला काही नको होतं तेव्हा सुलक्षणा पास झाली. "तुम्ही व्हा पुढे, मी मागचं आवरून येते," हे वाक्य तिच्या तोंडून शिंकेसारखं आपोआप निघायचं.

रिटायर झाल्यावर ती धावायला लागली आणि तिथेही शेवटीच राहिली. तिला धावायला लावलं गिरीशने, म्हणजे नवऱ्याने. हा गुडघ्यांचा निवृत्त सर्जन. जन्मभर दुसऱ्यांचे गुडघे बदलले, स्वतःचे मात्र खणखणीत. त्याने 'धावपळ' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला आणि दर रविवारी फोनवर नवा रूट आखून तो सगळ्यांच्या गळ्यात मारायला सुरुवात केली. मार्पलच्या कार पार्कमधून निघायचं, टेकडी चढायची, पलीकडे उतरायचं आणि गॉयट नदीच्या काठाने परत. खाली लिहायचा, 'थोडासाच चढ आहे.' गिरीशचा थोडासा चढ चढताना भल्याभल्यांना ब्रह्मांड आठवायचं.

शेवटी असण्याचे दोन तोटे होते. एक म्हणजे फाटकं. इंग्लंडमधली पायवाट शेताशेतांतून जाते, प्रत्येक शेताला फाटक असतं, आणि ते शेवटच्याने लावायचं असतं. मेंढ्या बाहेर पडल्या की इथला शेतकरी आपली सगळी सभ्यता विसरतो. त्यामुळे कुठलं फाटक उचलून ढकलायचं आणि कुठल्याची साखळी कशी अडकवायची, हे ग्रुपमध्ये फक्त सुलक्षणाला ठाऊक. दुसरा तोटा त्याहून वाईट. पुढे गेलेली मंडळी वाटेत तिच्यासाठी थांबायची. पाणी प्यायची, फोटो काढायची, पाय मोकळे करायची. ती धापा टाकत पोचली की गिरीश टाळी वाजवायचा, "चला, आली सुलू, निघूया!" जिला विश्रांतीची गरज ती सोडून विश्रांती सगळ्यांना.

तरीही हा रविवार तिच्या जिव्हाळ्याचा होता. मागे एकटं असलं की नदीचा आवाज येतो आणि मोठ्याने शिव्या देता येतात. "मेल्या, हा तुझा थोडासा चढ!" असं ती टेकडीच्या साक्षीने नवऱ्याला सुनवायची आणि स्वतःशीच खुदकन हसायची. आठवड्यात तेवढाच वेळ तिला कुणी 'मीठ कुठंय' म्हणून विचारत नसे.

आणि नेमका त्यावरच गिरीशने घाव घातला. शनिवारी तो म्हणाला, "सुलू, अख्ख्या ग्रुपचा टाइम बिघडतो गं. उद्या परत शेवटी आलीस ना, तर पुढच्या रविवारपासून तू गाडीतच बस. धावून आल्यावर खायचे वडेपण गरम राहतील."

"बरं," सुलक्षणा म्हणाली. म्हणाली खरी, पण नंतर तिने बटाटे असे सोलले की सालीबरोबर निम्मा बटाटाच गेला. ही हकीकत ऐकून लंडनहून तनया फोनवर ओरडली, "आई, बाबा तुला गाडीत बसवतो and you're making वडे for him? अजिबात fair नाही आहे!"

रविवारी वड्यांचा डबा गाडीत ठेवून सगळे निघाले. टेकडी संपेपर्यंत बाकीचे दिसेनासे झाले. सुलक्षणाने वाटेतली फाटकं लावली, शिव्या दिल्या, आणि लटपटत नदीकडे उतरली. खाली दगडी भिंतीपाशी सगळे उभे होते. झालं, आता टाळी वाजणार, असं तिला वाटलं. पण आज टाळी वाजली नाही.

भिंतीपलीकडच्या शेतात गोऱ्ह्यांचा कळप होता. एकेक जण दोन दारांच्या फ्रिजएवढा. आयटीवाला यतीन आत शिरून धावत सुटला होता, तर अख्खा कळप त्याच्या मागे सुटला. तो भिंतीवरून उडी मारून परत आला होता. त्याची टोपी आतच राहिली होती आणि एक गोऱ्हा ती चघळत होता.

"ताई, they're huge हो! आणि तो काळा माझ्याकडेच बघतोय," वरदा म्हणाली. वरदा दातांची डॉक्टर, मंडळाची अध्यक्ष. दर वसुबारसेला प्लास्टरच्या गाय-वासराची आरती करून फोटो टाकणारी.

"गाय आपली माता ना? मग हे भाऊच की आपले," सुलक्षणा म्हणाली.

"परत फिरूया," गिरीशने हुकूम सोडला. "आलो तसे टेकडीवरून."

सुलक्षणाने टेकडीकडे पाहिलं. पुन्हा तो चढ म्हणजे गुडघेही गेले आणि रविवारही गेला. मग तिने शेताच्या पलीकडच्या टोकाला पाहिलं. तिथे लोखंडी फाटक होतं, आणि त्यापुढे थोड्याच अंतरावर कार पार्क. तिला शौर्यबिर्य काही आलं नव्हतं. ती पुण्यात वाढलेली, गाईशी संबंध पिशवीतल्या दुधापुरता. पण टेकडी चढायचं तिच्या जिवावर आलं होतं. ती भिंतीच्या पायऱ्यांवरून आत उतरली.

"अगं सुलू, वेड लागलंय का तुला!"

कळपाने माना वर केल्या आणि सगळे तिच्याकडे यायला लागले. पळावं म्हटलं तर पायांत त्राण नव्हतं, म्हणून ती चालत राहिली. भीती वाटली की तिला बडबड सुटते. गणपतीत स्वयंपाकघरात घुसणाऱ्या पाहुण्यांना सांगावं तसं ती बोलायला लागली, "सरका, सरका जरा. मधेमधे करू नका. लागेल कुणाला तरी." एकाने ओलं नाक तिच्या कोपराला लावलं. "नंतर, नंतर," ती म्हणाली. आणि खरंच, ते सरकले. धावणारा दिसला की त्यांना चेव येत होता. रमतगमत जाणाऱ्या बाईत त्यांना काडीचा रस नव्हता. ज्या चालीपायी तिने इतके टोमणे खाल्ले, तीच आज कामी आली.

"या माझ्या मागून!" ती ओरडली. "आणि धावू नका कुणी!"

मग वरात निघाली. वरदाने तिच्या जॅकेटचं टोक धरलं होतं. वरदाच्या मागे यतीन आणि सगळ्यांत मागे गिरीश. एवढ्या वर्षांच्या संसारात तो पहिल्यांदाच बायकोच्या मागून, बायकोच्या वेगाने चालत होता. त्याच्याही मागून गोऱ्हे येत होते.

"जरा भरभर चल ना गं," तो कुजबुजला.

"माझा हाच वेग आहे. आणि थोडंसंच राहिलंय."

फाटक आलं. तिने साखळी सोडवली, फाटक उघडलं, आणि सवयीने हात तिथेच राहिला. वरदा "थँक यू हं, ताई" म्हणत बाजूने निसटली. यतीन निसटला. आता गिरीश जाणार, मग ती फाटक लावणार, आणि पुढचे सगळे रविवार वड्यांच्या वासात गाडीत जाणार. सुलक्षणाला एकदम राग आला. गिरीशचा आला, त्याहून जास्त स्वतःच्या हाताचा आला.

तिने हात काढला.

"गिरीश, मागचं आवरून ये!" असं म्हणून ती पळाली.

"अगं... सुलू! हे लागतं कसं?"

गोऱ्हे फाटकाशी येऊन ठेपले होते, उघडं टाकणं शक्यच नव्हतं. मागून साखळीचा खडखडाट ऐकू येत होता, आणि एकदा तर सर्जनच्या तोंडून चक्क तिचीच 'मेल्या' अशी शिवी. आयुष्यात कधी धावली नव्हती तशी सुलक्षणा धावली. नदी डाव्या हाताला होती, पण आज तिला तिचा आवाजही आला नाही. शेवटच्या वळणावर मागे गिरीशची पावलं वाजायला लागली. खणखणीत गुडघ्यांची पावलं. ती जीव खाऊन पळाली आणि कार पार्कमध्ये शिरून गाडीच्या दारावर जाऊन आदळलीच.

तिने गाडीतून डबा काढून उघडला. सगळ्यांत वरचा, अख्खा, कुरकुरीत वडा उचलला आणि उभ्याउभ्याच खाल्ला. मग दुसरा. यतीन आणि वरदानेही डब्यात हात घातला.

गिरीश आला तेव्हा त्याच्या हाताला गंज लागला होता आणि श्वास जागेवर नव्हता. तो बॉनेटला टेकला आणि त्याने डब्याकडे हात पुढे केला. सुलक्षणाने एक मोडका वडा त्याच्या तळहातावर ठेवला, डब्याला झाकण लावलं आणि टाळी वाजवली.

"चला, आला गिरीश. निघूया!"