वाचा गेलेल्या अप्पांची लेक

आनंदराज सोनकांबळे एसटीत कंडक्टर होते. लोह्याच्या स्टँडवर त्यांनी बसच्या पायरीवरून हाक दिली, की रसवंतीत बसलेला प्रवासीही ग्लास टाकून धावत यायचा. रिटायर झाल्यावर त्यांनी माळेगावच्या बाजारातून तांबडी घोडी आणली. तिचं नाव चांदणी. त्यांना अप्पा म्हणणारी त्यांची लेक लुंबिनी शाळेत मास्तरीण. लहानपणापासून तिला घोड्याचं वेड. तिशी उलटल्यावर तिनं रिकिबीत पाय घातला.

पुढं लातूरच्या एका रायडिंग क्लबात ड्रेसाजची स्पर्धा ठरली. त्यात घोडं पळवायचं नसतं. ठरलेल्या अक्षरापाशी त्यानं निमूट वळायचं, थांबायचं, चाल बदलायची. अप्पांनी वावरात घमेली पालथी घालून त्यांवर चुन्यानं इंग्रजी अक्षरं काढली. स्वाराला क्रम मोठ्यानं सांगायला माणूस ठेवायची मुभा होती.

"ते काम माझं," अप्पा म्हणाले.

मग रोज सकाळी वावर दणाणून जायचं. "ई! गोल फेरा! लुंबे, हात ढिला सोड, ती ऐकून राहिली ना!" चांदणीचा एक कान कायम त्यांच्याकडं.

स्पर्धा तोंडावर आली आणि अप्पांना लकवा मारला. हातपाय सावरले, वाचा गेली. नांदेडचे डॉक्टर म्हणाले, येईलही, न येईलही.

लुंबिनीनं सराव सोडला नाही, पण वावरातली शांतता तिला सोसेना. आई, सरजाबाई, म्हणाली, "मी हाक देऊ का गं? ती अक्षरं मला येत न्हाईत, पर शिकीन."

"नको माय. मी पाठ करते."

पाठ झालंही. चांदणी मात्र 'ई'पाशी आली की थबकायची, घराच्या दाराकडं बघायची. लुंबिनी तिला टाच मारायची नाही. तीही तिकडंच बघत असायची.

लातूरला अप्पा मैदानाच्या कडेला खुर्चीवर बसले. मधोमध थांबून लुंबिनीनं पंचांना सलाम केला. सुरुवात झकास झाली. 'ई' आलं आणि घोडी थबकली. लुंबिनीनं पाहिलं, अप्पा उभे राहिले होते. मानेच्या शिरा ताठल्या, ओठ हलले. आवाज फुटला नाही.

तिनं वाट पाहिली, नको तितकी पाहिली. पंचांची घंटा वाजली तेव्हा कुठं तिनं घोडी वळवली.

नंबर शेवटून दुसरा आला. त्याचं तिला काही वाटलं नाही. परतताना टेम्पोत ती अप्पांच्या शेजारी बसली, त्यांचा हात हातात घेऊन हळूच म्हणाली, "अप्पा, ई म्हणा." त्यांनी तोंड उघडलं. नुसता श्वास बाहेर आला. त्यांनी मान फिरवली, लातूरकडं जाणाऱ्या एसटी बस बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी ते आपणहून बांधावर येऊन बसले. लुंबिनीनं घोडी काढली. प्रत्येक अक्षरापाशी ती जरा रेंगाळायची, एक हाक मावेल एवढीच, आणि मग पुढं जायची.