मागच्या पायाची चार पेरं

दादाची तीन वर्षांची मुलगी अंगणातून रडत आली, तेव्हा तिच्या ओठांवर पाण्यानं भरलेले फोड होते आणि मुठीत अर्धा भुंगेरा. उरलेला अर्धा तिनं खाल्ला होता.

बाजरी फुलोऱ्यात होती. तिच्यावर येणारे काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे हिंगे भुंगेरे आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक. अंगावर चिरडला की फोड येतो. हा मात्र राखाडी, सडपातळ, बिनपट्ट्याचा. वहिनी म्हणाली, "ह्यो हिंगा न्हाई. असला किडा म्या कधी पाह्यला न्हाई."

मी औरंगाबादला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते, सुट्टीला गावी आलेली. घरात शिकलेली मी एकटीच. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते.

हिंग्याच्या कुळातला असला तर विष पोटात गेलं होतं. ते तेला-तुपाबरोबर अंगात लवकर भिनतं, असं सरांनी सांगितलेलं आठवत होतं. पिशवीतून भिंग काढलं. बारीक मान, मऊ पंख. खात्री पायावरून होणार होती: त्या कुळात पुढच्या पायाच्या टोकाला पाच पेरं, मागच्याला चार. मागचा एकच पाय शिल्लक होता. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा वेगळा आकडा. पोरगी "जळतंय, जळतंय" ओरडत होती. शेवटी कोपर उंबऱ्यावर टेकवलं, श्वास रोखला. चार. चारच.

वळून पाहिलं तर वहिनी पोरीच्या तोंडाशी तुपाचा चमचा नेत होती. मी तो हातातून उडवला.

"तूप नको, वैनी!"

"मंग काय देऊ? तोंड सोलून निघालंय लेकराचं!"

दादानं सायकल काढली. पोरीला घेऊन मी मागं बसले, वहिनी गाडीरस्त्यानं पळत आली. परतूरच्या डॉक्टरांनी जीभ पाहिली. "गरम काहीतरी खाल्लं असेल."

मी निघताना काडेपेटीत घातलेला अर्धा भुंगेरा टेबलावर ठेवला. "हिंग्याच्याच कुळातला आहे. पाय मोजलेत मी."

"तू डॉक्टर आहेस का?"

तेवढ्यात पोरीनं तिथंच लघवी केली. लाल होती. डॉक्टरांनी लगेच चिठ्ठी लिहिली, किडा त्या चिठ्ठीबरोबर मोठ्या दवाखान्यात द्यायला सांगितलं आणि औरंगाबादची गाडी गाठायला लावलं.

गाडीत पोरगी वहिनीच्या मांडीवर निपचित पडलेली. परतूर-सेलूच्या पलीकडं कधीच न गेलेली वहिनी हळूच म्हणाली, "ताई, तू मोजून राह्यली व्हतीस, तव्हा एक चमचा म्या आधीच देल्ता. त्यानं कायी व्हईल का?"

"न्हाई वैनी. एका चमच्यानं कायी होत न्हाई."

मला माहीत नव्हतं. खिडकीबाहेर बघत मी फक्त पुढचं स्टेशन कधी येतं याची वाट पाहत होते.

दवाखान्यात आठ दिवस लघवी तांबडीच राहिली. नवव्या दिवशी स्वच्छ झाली. नर्सनं भांडं उजेडात धरून दाखवलं, आणि वहिनी भिंतीला टेकून खाली बसली ती कितीतरी वेळ उठलीच नाही. मीही तिच्या शेजारी बसले.