ताईचा अंगठा

आधी चहा संपवा, मग सांगतो. हे ऐकताना मध्येच घोट घेतलात तर ठसका लागेल, आणि आमची बायको स्नेहा म्हणेल, "बघ, पुन्हा तुझ्यामुळेच!"

तर झालं काय, माझा लॅपटॉप भरला. भरला म्हणजे किती? एक फोटो उतरवायला गेलो तर 'जागा नाही' म्हणून त्यानं हात वर केले! आम्ही पडलो प्रोग्रामर. आमच्याकडे प्रत्येक कामाची एक रिपॉझिटरी असते. म्हणजे साधं फोल्डरच, पण त्यात त्या कामाचा जन्मापासूनचा सगळा इतिहास जपलेला असतो. माझ्याकडे असली फोल्डरं ढिगानं होती. सापाचा गेम, अर्धा. हवामानाचं ॲप, त्यात बारा महिने ऊन. राहिलेल्या कामांची आठवण करून देणारे प्रोग्राम तर चार, आणि ते चारही अर्धवट राहिलेले!

शनिवारी सकाळी बाह्या सरसावल्या. बायको म्हणाली, "नीट बघून उडव हां. माळा आवरलास तेव्हा मिक्सरचं झाकण टाकलंस."

"मॅडम, हा माळा नाही. याला शास्त्र असतं!"

आणि असतं, खरंच. आधी बघायचं, न साठवलेला बदल राहिलाय का. मग काही बाजूला दडवून ठेवलंय का. आणि मुख्य म्हणजे, सगळं मूळ प्रतीत पोहोचलंय का. ही मूळ प्रत दुसरीकडे असते, बहुधा इंटरनेटवर. ती शाबूत असली की आपल्याकडचं फोल्डर खुशाल उडवावं, लागेल तेव्हा परत उतरवून घ्यावं. मी तपासत गेलो, उडवत गेलो. काय शिस्त!

मग आली ताईची रिपॉझिटरी. ताई म्हणजे माझी मोठी बहीण, नालासोपाऱ्याच्या पलीकडे समुद्रकाठच्या कळंबला दिलेली. तिथे तिची कॉटेजेस आहेत, आणि त्यांच्या बुकिंगचा प्रोग्राम मी लिहिलेला. दोन वर्षं सुट्टीचे दिवस घालवून! ताईला त्याचं एवढं कौतुक, की दुसऱ्या दिवशी, रविवारी, आजूबाजूचे सगळे कॉटेजवाले तिनं तो बघायला बोलावले होते. "माझ्या भावानं केलाय" हे अख्ख्या कळंबनं ऐकलेलं. त्यांना पसंत पडला तर माझा स्वतःचा धंदा सुरू, नाहीतर ताईची गावात शोभा.

पण फोटोंनी ती रिपॉझिटरी फुगली होती. तपासली. सगळं मूळ प्रतीशी तंतोतंत जुळत होतं. मग भ्यायचं कशाला? उडवली! उद्या सकाळी घेऊ परत उतरवून.

शेवटी 'टेम्प-नवा-दोन' नावाचं एक फोल्डर उरलं. आत ना फोटो, ना प्रोग्राम, नुसती गिचमिड नावं. असला कचरा ठेवतं कोण? तोही उडवला, कायमचा!

अर्धा लॅपटॉप रिकामा! त्या तोऱ्यात मी फॅमिली ग्रुपवर उपदेश टाकला: 'सर्वांनी आजच कॉम्प्युटर साफ करा. ज्या फोल्डरचं नाव कळत नाही ते बिनधास्त उडवा.' लगेच ताईचा अंगठा आला. म्हटलं, वा, बहीण असावी तर अशी!

मग सहज ताईचा प्रोग्राम परत उतरवून बघितला. लॅपटॉप म्हणे, मूळ प्रत सापडत नाही. असं कसं? मघाच्या तपासात मूळ प्रतीचा पत्ता दिसत होता, तो आता कुठे नीट वाचला. पत्ता माझ्याच लॅपटॉपचा! आणि फोल्डर? टेम्प-नवा-दोन!

दोन वर्षांपूर्वी इंटरनेटवर खातं उघडायचा कंटाळा केला होता मी. मूळ प्रत त्या टेम्प-नवा-दोनमध्येच ठेवली होती, तात्पुरती. घराची दुसरी चावी शेजाऱ्याकडे आहे म्हणून निवांत राहावं आणि शेजारी आपणच निघावं!

"स्नेहा!"

"काय टाकलंस?"

बघा, 'काय झालं' विचारायची पद्धतच नाही आमच्याकडे.

पण मला एकदम आठवलं. गेल्या रविवारी ताईच्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम बसवताना, हवं तेवढंच निवडायच्या आळसानं मी अख्खी रिपॉझिटरी जशीच्या तशी ओतली होती. इतिहासासकट! मी नाचायचाच बाकी होतो.

"पण ताईंनी तुझ्या मेसेजला अंगठा दिलाय ना?" स्नेहा म्हणाली. "त्यांना त्या फोल्डरचं इंग्लिश नाव कळतं?"

ताईला फोन लावला, उचलेना. पुन्हा लावला, उचलेना. साफसफाई चालू असणार! हेल्मेट घातलं आणि स्कूटर काढली. आमच्या एव्हरशाईन कॉलनीपासून नालासोपाऱ्याच्या पुलापर्यंत मी कोणाकोणाला कट मारला ते विचारू नका. पुलावर एक टेम्पोवाला ओरडला, "ओ काका, घरी आग लागली काय?" म्हटलं, लागली नाही, मीच लावलीय!

कळंबला पोचलो तर ताई अंगणात उशांचे अभ्रे वाळत घालत होती.

"ताई, कॉम्प्युटरला हात लावू नकोस!"

"कोण लावतंय? सकाळपासून कपडेच धुतेय मी."

ओट्यावरून तिच्या सासूबाई म्हणाल्या, "अरे, आधी पानी पी. केवढा घामाघूम झालायस!"

"पण माझा मेसेज? तू अंगठा दिलास ना त्याला?"

"अंगठा होय?" ताईनं अभ्रा झटकला. "तो मी तुझ्या सगळ्याच मेसेजना देते रे. वाचतंय कोण?"

देवाशपथ सांगतो, आयुष्यात एवढं गोड वाक्य मी ऐकलं नव्हतं! धावत आत गेलो. सगळं जागच्या जागी होतं. पेन ड्राइव्हवर घेतलं, आणि तिथेच बसून इंटरनेटवर खातंही उघडलं एकदाचं.

रविवारचा कार्यक्रम तर असा रंगला म्हणता! सगळ्या कॉटेजवाल्यांनी प्रोग्राम घेतला. ताई नुसती मिरवत होती. जाता जाता एकानं विचारलं, "पण भाऊ, कधी सगळं उडालं तर?"

मी छाती फुगवून पाऊण तास बोललो. प्रती कुठे ठेवाव्या, किती ठेवाव्या, उडवण्याआधी पत्ता कसा वाचावा. मंडळी थक्क! शेवटी मोठ्या ऐटीत ताईकडे वळलो. "काय ताई, बरोबर ना?"

ताई मोबाईलमध्ये डोकं घालून बसली होती. मान वर न करताच तिनं अंगठा दाखवला.