म्हातारपणावरची केस

मुकुंदवाडीतल्या आमच्या घराच्या वरच्या खोल्यांत जाहेदाबाई राहायला आल्या, त्याला आता बरीच वर्षं झाली. मी गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेला माणूस. पुढं शेती केली. थोरला चिकलठाण्याला कंपनीत लागला तसे आम्ही त्याच्यामागं शहरात आलो. तो नंतर पुण्याला गेला आणि आम्ही दोघं इथंच राहिलो. मला बोलायला माणूस लागतं. भाडेकरू ठेवताना मी कागदपत्रं कमी बघतो आणि गाव, नातीगोती जास्त विचारतो. जाहेदाबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "औरंगपुऱ्याची. सोबत कोणी नाही." एवढ्यावर बोलणं संपलं. मला जेवण अर्धवट सोडून उठल्यासारखं वाटलं.

बाई तेव्हा पन्नाशीच्या. अंगावर फिकी ओढणी, हातात डबा, जिना उतरताना चपलांचा आवाज नाही. एका मोठ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत संशोधन करतात, एवढंच आम्हाला ठाऊक. एका रविवारी आशाबाई, म्हणजे माझी मंडळी, अंगणात मेथी निवडत होती. तिनं विचारलं, आज सुट्टीचं कुठं निघालात? बाई म्हणाल्या, पेशीसाठी जावं लागतं, चुकवून चालत नाही.

आता आमच्या भागात पेशी म्हणजे कोर्टाची तारीख. निजामाच्या काळापासूनचा शब्द आहे. माझ्या एका चुलत्यानं हातभर बांधासाठी पैठणच्या कोर्टात इतक्या पेश्या केल्या, की कोर्टासमोरच्या चहावाल्यानं मुलीच्या लग्नात त्याला मानाचा फेटा बांधला. भाऊबंदांनी बोलावलं नव्हतं, चहावाल्यानं बोलावलं. असो. आशाबाईनं लगेच ओळखलं, बिचारीवर काहीतरी खटला चालू आहे. मी म्हटलं, रविवारी कोणतं कोर्ट उघडं असतं? शेजारचे बद्रीनाथराव तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. ते गंभीरपणे म्हणाले, मोठ्या केसला रविवारीही बसतात.

झालं. तेव्हापासून बाई जिना उतरल्या की आशाबाई त्यांच्या तळहातावर दहीसाखर ठेवायची. बाई मुकाट्यानं खायच्या. या घराची तशी रीत असेल असं त्यांना वाटलं. ईदला सकाळी निघाल्या, तेव्हाही दहीसाखर. दिवाळीत निघाल्या, तेव्हाही. आशाबाई मला म्हणायची, सणासुदीलाही सोडत नाहीत हो बाईला, कसला मेला खटला.

शेवटी तिला राहवलं नाही. एक दिवस जिन्याशीच तिनं विचारलं, "बाई, निकाल कधी लागायचा?"

जाहेदाबाई जरा हसल्या. आमच्या घरात पहिल्यांदाच. म्हणाल्या, "सांगता येत नाही. माझ्या हयातीत लागला तर बरं."

"समोरचा कोण हाय?"

"म्हातारपण."

आशाबाई माझ्याकडं धावत आली. "अहो, त्यांनी म्हातारपणावर केस केलीय."

त्या संध्याकाळी मी चहा घेऊन वर गेलो आणि सगळं उलगडून घेतलं. आपलं शरीर बारीक बारीक कणांचं बनलेलं असतं, त्या कणाला शास्त्रात पेशी म्हणतात. एकीच्या दोन होतात, दोनाच्या चार, म्हणून मूल वाढतं आणि खरचटलेला गुडघा भरून येतो. पण असं ठरावीक वेळा झालं, की पेशी थांबते. मग तिच्या दोन होत नाहीत. जाहेदाबाई अशा पेशी बाटलीत वाढवायच्या आणि त्या का थांबतात, थांबल्यावर काय करतात, ते बघायच्या. बाटलीतलं अन्न एक दिवसाआड बदलावं लागतं. नाही बदललं तर काही महिन्यांची मेहनत मरते. बदलायला दुसरं माणूस नाही. म्हणून ईद नाही, रविवार नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी त्याच दिवशी सांगितली, तीही चहाच्या कपाकडं बघत. अम्मी दवाखान्यात होत्या. डॉक्टर म्हणाले, आज ठीक आहेत. बाई तेवढ्यात पेशींचं अन्न बदलायला गेल्या. परत आल्या तेव्हा पलंगाभोवती माणसं जमलेली. भाऊ याह्या, त्याचं औरंगपुऱ्यात बांगड्यांचं दुकान आहे, त्यानं एवढंच विचारलं, की तिकडं कोण मरत होतं? त्यानंतर त्यानं बहिणीला हाक मारलेली नाही. लग्नाचं तर आधीच राहिलं होतं. बघायला पाहुणे यायचे आणि ही प्रयोगशाळेत.

मी रिकामा कप घेऊन खाली आलो.

निवृत्ती जवळ आली तशी बाईंची घालमेल वाढली. सगळी नोकरी त्यांनी बाहेरदेशाहून बर्फात आलेल्या पेशींवर काम केलेलं. त्यात त्यांना एक दिसलं होतं: थांबलेली पेशी नुसती बसून नसते, तिच्यातून आसपासच्या तरुण पेशींकडं काहीतरी पाझरत असतं, आणि जखम भरायला त्याचा हातभार लागतो. पण हे आपल्याकडच्या, जन्मभर उन्हात राबलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या पेशीतही होतं का? तेवढं बघायचं राहिलं होतं. ते बघितल्याशिवाय त्यांना प्रयोगशाळेची किल्ली परत करायची नव्हती.

आणि पेशी द्यायला माणूस मिळेना. बाई फुलंब्रीकडच्या गावांत हिंडल्या. पारावर म्हाताऱ्यांना म्हणाल्या, तुमच्या पेशी हव्यात, इथं सही नाहीतर अंगठा करा. निम्मे लोक चपला घालून निघून गेले. पेशीला अंगठे देऊन कुणाकुणाची रानं गेली, ते सगळ्यांना पाठ. मी म्हटलं, बाई, शब्द बदला, कातडीचा तुकडा म्हणा. तसं म्हटल्यावर उरलेलेही उठले.

मग मीच म्हटलं, माझा घ्या.

आशाबाईनं दोन दिवस अबोला धरला. बद्रीनाथराव म्हणाले, रामकिसन, या वयात वाटण्या नको करू स्वतःच्या. पण मी गेलो. डॉक्टरांनी दंडाच्या आतल्या बाजूनं मसुरीच्या दाण्याएवढी कातडी काढली. मुंगी चावल्यासारखं वाटलं, एवढंच.

त्यानंतर काहीच होईना. तुकडा बाटलीत पडून. बाई रोज जायच्या, रोज परत यायच्या. मी अंगणातून नुसता त्यांचा चेहरा बघायचो आणि विचारायचं टाळायचो. त्यांच्या खोलीत कुकरची शिट्टी वाजायची बंद झाली. आशाबाई ताट पाठवायची, तेही अर्धं परत यायचं.

एका दुपारी बाई अवेळी आल्या. फाटकातच थांबल्या. "काका, तुम्ही निघालात."

"कुठं निघालो?"

"बाटलीत. तुकड्यातून बाहेर निघालात. चालायला लागलात."

मी गल्लीभर जिलेबी वाटली. नातू झाला का, म्हणून लोकांनी विचारलं. मी सांगितलं, मीच झालो. दुसऱ्या दिवशी बाईंनी मला नेऊन यंत्रातून दाखवलं. माझ्या पेशी, लांबट, निमुळत्या, मासोळ्यांसारख्या एकमेकींच्या कडेनं निघालेल्या. माझे गुडघे जिना चढत नाहीत आणि तिथं माझं हे चाललेलं. मुकुंदवाडी स्टेशनच्या बाकावर महिनाभर मी दुसरं काही बोललो नाही. शेवटी लोक मला बघून बाक बदलायला लागले.

हिवाळ्यात त्या पेशी थांबल्या. बाईंनी पुन्हा नेऊन दाखवलं. मासोळ्या गेल्या होत्या. पापडासारख्या पसरलेल्या, मोठ्या, एकेकट्या. मी विचारलं, मेल्या का?

"नाही. वाढत नाहीत आणि मरतही नाहीत. बसून आहेत."

खोलीत एक पेटी बारीक गुणगुणत होती. एवढ्या मोठ्या जागेत माणसाचा म्हणावा असा आवाजच नव्हता, आणि बाई तिथं उभं आयुष्य राहिल्या होत्या.

मग त्यांनी खरं काम केलं. तरुण पेशींचा थर लावलेल्या दोन बशा घेतल्या, दोन्हींत मधोमध एक रेघ ओढली, नांगराच्या तासासारखी. ती जखम. एकीत साधं अन्न घातलं, दुसरीत माझ्या बसलेल्या पेशी ज्यात होत्या ते. दुसऱ्या दिवशी साध्या बशीत रेघ उघडीच होती. माझ्या बशीतली भरत आली होती. बाईंनी ते पुन्हा केलं, परत परत केलं, कुठं चूक राहिली का शोधत राहिल्या. चूक सापडली नाही. मला एवढंच म्हणाल्या, "काका, भरली." आणि मग, मी फार फुगू नये म्हणून असेल, सांगितलं, की या पेशी फार दिवस बसल्या तर शेजारणींचं नुकसानही करतात. थोड्या काळापुरत्या कामाच्या. मी म्हटलं, हे आशाबाईला सांगू नका.

त्यांचा लेख बाहेरच्या एका मासिकात छापून आला. बाईंनी तो याह्याभाईला फोनवर पाठवला. पोचल्याची खूण उमटली. तिकडून काही आलं नाही. त्या दिवशी संध्याकाळी त्या फोन मांडीवर ठेवून गच्चीवर बसल्या होत्या. मी दोन-तीन वेळा वर डोकावलो. फोन वाजला नाही.

निवृत्तीच्या दिवशी जागा रिकामी करायची होती. बाईंच्या पेशी पुढं चालवणारं कोणी नव्हतं. नियम असा, की औषध ओतून त्या मारायच्या आणि मग बाटली टाकायची. बाई मला सोबत घेऊन गेल्या. बाटली हातात धरून म्हणाल्या, "तुमच्या आहेत. विचारल्याशिवाय कशा टाकू?"

"बाई, त्यांना खाऊ तुम्हीच घातला. मी तर नुसता दंड पुढं केला."

त्यांनी औषध ओतलं. बाटलीतल्या अन्नाचा लाल रंग एकदम उडाला. त्यांनी बाटली हलवली, ठेवली, हात धुतले आणि पुसायला काही नाही म्हणून तसेच ओले ठेवून उभ्या राहिल्या. किल्ली दिली. रिक्षानं आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला त्या जिना उतरल्या. ओढणी नीट घेतलेली, हातात डबा. फाटकापर्यंत गेल्या, कडीवर हात ठेवला आणि थांबल्या. आशाबाई ओट्यावरून बघत होती. बाई वळून परत वर गेल्या.

मी थोडा वेळ बघितलं आणि मग खुर्ची घेऊन मागोमाग चढलो. गुडघे कुरकुरले. दारातच बसलो आणि आमच्या काळ्या बैलानं सोयगावच्या बाजारातून एकट्यानं घर कसं गाठलं, ते सांगायला सुरुवात केली. लांब गोष्ट आहे. बाई खिडकीकडं तोंड करून बसल्या होत्या. ऐकत होत्या की नव्हत्या, कळायला मार्ग नव्हता. मी घाटापर्यंत पोचलो आणि दम घ्यायला थांबलो.

तशा त्या खिडकीकडंच बघत म्हणाल्या, "मग?"