मुंग्यांनी मोडायचा वेढा

आमच्या पहिल्या बांधीच्या धुऱ्यावर मोहाचं एक झाड आहे. त्याच्या बुडाशी शेंदूर लावलेला दगड. बस, एवढंच. नवख्या माणसाला तिथं काही दिसणार नाही. एरवी त्या सावलीत बकऱ्या बसतात, धानाची रोपं लावणाऱ्या रोवणीच्या बाया डबे ठेवतात, आमच्या यांची मोटरसायकलही तिथंच उभी असते. ती जागा मायची, म्हणजे आमच्या शेतातल्या देवीची, होते ती वर्षातून एकदाच, आषाढातल्या आखाडीच्या सणाला, सकाळी. आणि ती आपोआप होत नाही, करावी लागते.

मी गोंदियाची. आमच्या गल्लीत हिंदीच जास्त चालायची. लग्न होऊन जिल्ह्यातल्याच गोरेगावजवळच्या या गावात आले, तेव्हा धानाच्या शेताच्या तुकड्याला बांधी म्हणतात आणि बांधाला धुरा, हेही मला शिकावं लागलं. शिकवलं सासूनं. मी तिला आत्याबाई म्हणायची. ती मला नावानं कधीच हाक मारत नसे. "अवं" म्हणाली की समजायचं, मीच.

माझी पहिली आखाडी मला अजून दिसते. आत्याबाईनं झाडाखालचा पाचोळा झाडला, पाणी शिंपडलं. मग बांधीतलीच माती शेणात कालवून तिनं जागा सारवली, बसल्या बसल्या मागं सरकत, आपल्याच ओल्या हाताच्या खुणा पुसत. ते वाळेपर्यंत बाया धुऱ्यावर उभ्या, चिखलाचे पाय घेऊन, एकमेकींच्या नवऱ्यांवरून थट्टा करत. सारवण वाळलं तशी ती उठली आणि सगळ्या गप्प झाल्या. डाव्या हातात पदर, उजव्या मुठीत तांदळाचं पीठ. झाडाला आणि दगडाला धरून तिनं भोवती वेढा घातला. मुठीतून पीठ सुटत होतं आणि ती चालत होती. हात न उचलता रेघ रेघेला मिळवायची. वेढा वाकडा झाला तरी चालतो, तुटलेला चालत नाही. मधे पऱ्ह्याची, म्हणजे धानाच्या रोपांची, पहिली जुडी ठेवली आणि ती बाहेर येऊन बसली.

आता काय, असं मी हळूच विचारलं. ती म्हणाली, आता मुंग्या.

पीठ मुंग्यांसाठी असतं. त्या येतात, रेघ ओढून नेतात, कुठंतरी खिंड पडते. त्या खिंडीतून माय बांधीत उतरते, असं आत्याबाई मानायची. तोवर कोणी वेढा ओलांडायचा नाही, चिखलात एक रोप लावायचं नाही. मी विचारलं होतं, आणि पाऊस आला तर? म्हणाली, पाणीही मायचंच. त्या दिवशी मुंग्या लवकर आल्या. लाल, बारीक. बायांनी हसत जुड्या सोडल्या, आणि मला वाटलं होतं, मी कोणत्या भलत्याच गावात येऊन पडले. आज तो वास आठवतो, शेणाचा, मोहाच्या ओल्या सालीचा, आणि जीव तुटतो.

पिठाचा नियम कडक होता. मागच्या वर्षीच्या आपल्याच धानातले पायलीभर तांदूळ गाडग्यात वेगळे ठेवायचे. आखाडीच्या आदल्या दिवशी घरी कुटायचे. चक्कीवर न्यायचे नाहीत.

मग ते वर्ष आलं. आत्याबाईचे गुडघे सुजले होते, खाटेवरून उठवत नव्हतं. तिनं मला बोलावून सांगितलं की या वर्षी वेढा तू घालशील. दहाबारा वर्षं बघत होते मी. मान हलवली. पण आदल्या दिवशी नणंद मुलाबाळांसह आली, स्वयंपाक, धुणी, बोलणी, आणि तांदूळ कुटायचे राहून गेले. सकाळी आठवलं तेव्हा बाया शेतावर पोचल्या होत्या. फळीवर दिवाळीच्या रांगोळीचं पाकीट उरलं होतं. पांढरंशुभ्र. मी ते पदराखाली घेतलं.

एक सांगते, कारण खरंच सांगायला बसले आहे. तो वेढा फार सुंदर झाला. आत्याबाईचा कधी इतका गोल झाला नव्हता. मी बाहेर येऊन बसले आणि मला त्याचा अभिमान वाटला.

मुंग्या आल्या. रेघेपाशी थांबल्या, मिशा लावल्या आणि परत गेल्या. दगडाची भुकटी कोण खाणार? ऊन वर चढलं. बायांना दुपारनंतर दुसऱ्याच्या बांधीत जायचं होतं. हे धुऱ्यावरून दोनदा हाक मारून गेले. तिसऱ्यांदा विचारलं, "मुंग्या आल्या का?"

मी म्हटलं, "आल्या."

रोवणी सुरू झाली. घरी गेल्यावर खाटेवरून तोच प्रश्न आला आणि मी तेच उत्तर दिलं. आत्याबाईनं डोळे मिटून हात जोडले. मला वाटलं, रात्री पाऊस येईल आणि सगळं धुऊन नेईल. कोणाला कळणार आहे?

दोन दिवस पावसाचा थेंब नाही. तिसऱ्या दिवशी ती काठी टेकत, मला न सांगता, एकटी शेतावर गेली. परत आली तेव्हा चेहरा उतरलेला. मी पाणी दिलं, ते तिनं घेतलं नाही. भिंतीकडे बघत म्हणाली, "वेढा तसाच हाय वं. एक मुंगी लागली नाही."

तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. पीठ नव्हतं, रांगोळी होती. माझ्या तोंडातून निघालं ते असं, की मी तिथं होते तेव्हा तर मुंग्या आल्या होत्या. म्हणजे खोट्यावर खोटं.

तिनं दोष आपल्यावर घेतला. त्या उन्हाळ्यात गोठ्याच्या छपरासाठी मोहाची एक फांदी तिनं तोडायला लावली होती. मायला न विचारता. म्हणून माय रुसली, असं तिनं धरलं. पुढच्या आखाडीला वेढा घातला नाही, मलाही घालू दिला नाही. शेजारच्या दोन घरच्या बाया तिला त्यांच्या बांधीत वेढा घालायला न्यायच्या. त्यांना ती म्हणाली, "माह्या हाताचं माय आता घेत नाही. दुसऱ्या कोणाले पाहा."

गावात यातलं पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे, पण एक गोष्ट ठाऊक नाही. ती मी कोणालाच सांगितली नाही. दर आखाडीला आत्याबाई शेण आणि माती कालवून शेतावर जायची आणि तोडलेल्या फांदीच्या खुंटाला लिंपण लावायची. जखमेला लावतात तसं, बोटांनी, हळदीची चिमूट घालून. हात वर पुरायचा नाही, म्हणून एक पाय मुळीवर ठेवून टाचा उचलायची. त्या सुजलेल्या गुडघ्यांवर. आणि शेणाची पाटी धरून खाली उभी असायची मी. सात वर्षं मी ती पाटी धरली. सातही वेळा वाटलं, आज सांगावं. सातही वेळा घरी आले आणि चहा मांडला.

सातव्या वर्षी, धान पिवळं झाल्यावर, यांनी घरात विषय काढला. हार्वेस्टर आतल्या बांध्यांपर्यंत जात नाही, मोहाचं झाड आडवं येतं. काढायचं का? मला वाटलं, आत्याबाई घर डोक्यावर घेईल. तिनं हातातला घास ताटात ठेवला. म्हणाली, "पाडा. तिथं आता माय कुठं हाय."

त्या बोलण्यानं मला हलवलं. जेवण तिथंच राहिलं. मी सगळं सांगून टाकलं, गाडगं, नणंद, पाकीट, मुंग्या. आत्याबाईनं फक्त विचारलं, "पीठ नोहोतं?"

"नाही. दिवाळीची रांगोळी."

"मंग तवाच काऊन नाही सांगतलं?"

"भेव लागला."

"मायचा का माहा?"

"तुमचा."

ती हसली. खरंच हसली, पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत. मग उठून खाटेवर गेली, भिंतीकडे तोंड केलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली की या वर्षीच्या धानातले तांदूळ गाडग्यात वेगळे ठेव. बाकी काही नाही. झाड राहिलं. हार्वेस्टर वळसा घेऊन गेला.

पुढच्या आखाडीला आम्ही तिला मोटरसायकलवर मधे बसवून नेलं. तांदूळ मी कुटले होते, तिनं दोन बोटांत चोळून बघितले. सारवलं मी. वेढा तिनंच घातला, माझ्या खांद्यावर एक हात ठेवून. रेघ कुठं जाड, कुठं दोऱ्यासारखी. मुंग्या मोठी खिंड पाडून गेल्या. ती बराच वेळ त्या खिंडीकडे बघत बसली. मग माझ्याकडे बोट दाखवत बायांना म्हणाली, "हे माही सून. मुंग्यायले दगड चारणारी." अख्खी बांधी हसली. ते नाव मला कायमचं चिकटलं. ती आल्यागेल्याला ते सांगायची, आणि प्रत्येक वेळी मला बरंही वाटायचं आणि लागायचंही. चुकीची माफी तिनं दिली. सात आखाड्यांची दिली की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. त्याच थंडीत ती गेली.

आता वेढा मी घालते. यंदा मुंग्या येईनात. पीठ घरचं, तांदूळ घरचे, सगळं रीतसर, पण रेघ तशीच. बायांना पुढं दुसरं शेत होतं, एकीनं मोबाइल काढून वेळ बघितली. वर फांदीच्या खुंटावर तिच्या लिंपणाचा एक वाळका पापुद्रा अजून टिकून आहे, मी त्याच्याकडे बघत बसले. यांनी धुऱ्यावरून हाक मारली, "मुंग्या आल्या का?"

मी म्हटलं, "नाही आल्या."

बाया कुरकुरल्या, मग डबे काढून सावलीत बसल्या. मीही बसले.