आनंदाबाईची तिथी

जयवंताबाई आमच्या शेजारी राहते. हिंगणीकडचं आमचं गाव. नवरा नाही, मूलबाळ नाही, लोकांच्या शेतात निंदायला जाऊन पोट भरते. सरकारी निराधार योजनेचा पगार मिळायचा, तो दोन वर्षांपूर्वी बंद झाला. गावात योजनांचे फॉर्म भरणाऱ्या हिरालालला तिने चहापाणी दिलं नाही, म्हणून त्याने तहसीलात कळवलं, हिला कमावता मुलगा आहे. तेव्हापासून कित्येक संध्याकाळी तिची चूल पेटली नाही. मी भाकर नेली तर दार लावून घ्यायची.

आणि तोच हिरालाल मेलेल्या आईचा, आनंदाबाईचा, पगार उचलत होता. जयवंताबाईने तक्रार केली. अर्ज मीच लिहून दिला. चौकशीला साहेब आले, तर हिरालालने आपल्या मावशीला तोंडावर पदर ओढून खाटेवर बसवलं आणि 'ही माझी आई' म्हणून दाखवलं. जयवंताबाई खोटी ठरली. चौकात तो हसून म्हणाला, "काऊन वो काकू, माही माय मारून राह्यली का?"

ती चौकातून निघाली. घरी येऊन मला म्हणाली, "थांब पोरी. सायबाले फसवते थो. पितराईले फसवाची हिंमत नाई त्याची."

पितृपक्ष लागला. साहेब पुन्हा यायला तयार नव्हते. जयवंताबाई दिवसभर त्यांच्या दारात बसली आणि आनंदाबाईच्या तिथीला त्यांना घेऊनच आली. हिरालाल शिडीवर उभा राहून घराच्या टिनावर कावळ्यासाठी पान ठेवत होता. "ये माय, जेवाले ये!" ओसरीत आईच्या फोटोला ताजा हार.

साहेबांनी विचारलं, "कोणाला बोलावता?"

"मायले," जयवंताबाईच बोलली. "कागदावर जिती हाय ना, येईन आता चालत."

हिरालालची बायको धावत येऊन पाया पडली, "काकू, लेकरं हायेत वो माही!"

"माही चूल थंडी होती, तवा कोठी गेलती तू?"

तिथून साहेब जयवंताबाईच्या घरी आले. "तुमचा मुलगा कुठे आहे?"

"हिरालालच्या कागदात. घरात पाहा साहेब, सापडला तं मलेही दाखवा."

दिवाळीआधी तिचा पगार सुरू झाला. हिरालालवर गुन्हा दाखल झाला. मी म्हटलं, "काकू, देवासमोर तरी आता त्याचा राग मनातून काढून टाका."

दिव्यात तेल घालत ती म्हणाली, "देव करन माफ. त्याले कोनी उपाशी ठेवलं नोतं."